साठेखताची मुदत उलटली, विक्रेता खरेदीखताला उभा राहत नाही : काय करावे?

होऊ घातलेला विश्रामबागकर

नमस्कार. सांगलीत विश्रामबाग भागातील एक जुने स्वतंत्र घर विकत घेण्याचा व्यवहार आम्ही पती-पत्नींनी गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास ठरवला. किंमत बासष्ट लाख रुपये ठरली. त्यांपैकी आठ लाख रुपये इसार म्हणून बँकेमार्फत विक्रेत्यांच्या खात्यावर जमा केले आणि दुय्यम निबंधक कार्यालयात रीतसर साठेखत (पुढे खरेदीखत करून देण्याचा करार) नोंदवले. खरेदीखत ३१ मार्चपर्यंत करायचे आणि ताबा त्याच दिवशी द्यायचा, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

घर विक्रेत्यांच्या वडिलांनी स्वकमाईतून बांधलेले आहे. आई-वडील दोघेही आता हयात नाहीत आणि मृत्युपत्र केलेले नाही. मालमत्ता पत्रकावर विक्रेते आणि त्यांची पुण्यात राहणारी विवाहित बहीण अशी दोघांची नावे वारस म्हणून लागलेली आहेत. साठेखतावर सही मात्र एकट्या विक्रेत्यांची आहे. ‘बहिणीचे हक्कसोडपत्र लिहून देणार यांनी मुदतीपूर्वी स्वखर्चाने करून घ्यावे’ असे कलम त्यात घातले आहे. (लिहून देणार म्हणजे विक्रेते, आणि हक्कसोडपत्र म्हणजे आपला हिस्सा सोडत असल्याचा दस्त.) त्याखेरीज वरचा मजला चढवताना घेतलेल्या कर्जापोटी घर एका पतसंस्थेकडे गहाण आहे. सहा लाखांच्या आसपास बाकी असल्याचे विक्रेते तोंडी सांगतात, पण लेखी दाखला आजवर आमच्या नजरेस पडलेला नाही.

मार्च उलटल्यावर आधी ‘बहिणीकडे लग्नकार्य आहे’ असे सांगण्यात आले, मग ‘पतसंस्थेचे साहेब रजेवर आहेत’, आणि त्यानंतर फोन उचलणेच बंद झाले. एजंट दोन्ही बाजूंना गोड बोलून घोंगडे भिजत ठेवतो आहे. अलीकडे आम्ही प्रत्यक्ष घरी गेलो, तेव्हा आत या असेही न म्हणता, दारातच उभे राहून विक्रेत्यांनी सांगितले की शेजारचे घर चढ्या भावाने गेले आहे, तेव्हा चार लाख वाढवून द्या, तेही रोख, नाहीतर तुमचे आठ लाख सवडीने परत करतो.

इकडे आमच्या गृहकर्जाच्या मंजुरीची मुदत संपत आली आहे. मिरजेतले भाड्याचे घर सोडत असल्याचे घरमालकांना कळवून झाले आहे, आणि मुलीचा प्रवेश विश्रामबागेतल्या शाळेत घेतल्यामुळे तिची रोजची ने-आण चालू आहे. विक्रेत्यांना खरेदीखत करून देण्यास भाग पाडता येते का? महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारे राज्याचे प्राधिकरण) किंवा ग्राहक आयोगाकडे जाता येईल का? की चार लाख देऊन मोकळे व्हावे? कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठ

आपण सरळ पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्यावी, असे मला वाटते. पैसे घेऊन शब्द फिरवणारी माणसे नोटिशीला भीक घालत नाहीत. पोलिसांचे बोलावणे आले की मात्र सुतासारखी सरळ होतात. चार लाख तर मुळीच देऊ नयेत. आज चार दिले तर खरेदीच्या दिवशी आणखी दोन मागतील.

दिवाणी बाजू

मी सांगली आणि मिरजेच्या न्यायालयांत दिवाणी दावे चालवतो. कृष्णाकाठ यांचा संताप समजण्यासारखा असला, तरी पोलिसांकडे जाण्याचा सल्ला मी देणार नाही. फसवणुकीचा गुन्हा होण्यासाठी पैसे घेतानाच ते बुडवण्याचा हेतू होता असे दिसावे लागते. येथे साठेखत नोंदवलेले आहे, पैसे खात्यावर आलेले आहेत आणि विक्रेत्यांना आता जास्त किमतीचा मोह पडला आहे. एवढ्यावर ‘प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे’ असे लिहून अर्ज निकाली निघेल, आणि तोच कागद उद्या विक्रेते आपल्याविरुद्ध दाखवतील. महारेराचा संबंध विकसकाच्या प्रकल्पाशी असतो. जुने राहते घर विकणारी खाजगी व्यक्ती त्यात बसत नाही, आणि याच कारणाने ग्राहक आयोगाचा मार्गही येथे चालणार नाही.

आपला मार्ग म्हणजे दिवाणी न्यायालयात करारपूर्तीचा दावा. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि ती त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाली. त्यापूर्वी खरेदीखत करून देण्याचा हुकूम द्यावा की नुसती नुकसानभरपाई द्यावी, हे बऱ्याच अंशी न्यायाधीशांच्या विवेकावर होते. आता कायद्यातल्या मोजक्या अपवादांखेरीज तो हुकूम देणे हाच नियम झाला आहे. समन्स बजावल्यापासून बारा महिन्यांत दावा निकाली काढावा, असेही त्याच दुरुस्तीत म्हटले आहे. (न्यायालयातल्या तारखांना अर्थात कायदा वाचता येत नाही.) मुदत उलटल्यामुळे साठेखत आपोआप रद्द झाले, असे विक्रेत्यांना म्हणता येणार नाही. स्थावराच्या व्यवहारात मुदत हाच कराराचा गाभा असतो असे गृहीत धरू नये, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९३ मध्येच सांगितले आहे. दावा लावण्याची मुदत, करारात तारीख ठरलेली असल्यामुळे, त्या तारखेपासून तीन वर्षे आहे. म्हणून तीन वर्षे स्वस्थ बसावे असे मात्र नाही. आपण सतत तयार होतो आणि पैशांची तजवीजही होती, हे विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम १६ खाली खरेदीदारालाच सिद्ध करावे लागते, आणि माझ्या अनुभवात असे दावे बहुतेक वेळा इथेच अडकतात.

त्यासाठी आता तोंडी बोलणी थांबवून सगळे कागदावर आणावे. वकिलामार्फत पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस द्यावी, तीत खरेदीची निश्चित तारीख आणि वेळ कळवावी, आणि त्या दिवशी विक्रेते येवोत वा न येवोत, आपण कर्जमंजुरीचे पत्र आणि उरलेल्या रकमेच्या तजविजीचा पुरावा घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात हजर राहावे. तेथे हजर असल्याचा लेखी अर्ज आवक खिडकीवर देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. विक्रेत्यांचा शिवीगाळ करणारा फोन आला तरी त्याला लेखी, शांत भाषेतच उत्तर द्यावे.

आता जे आपण ओघात लिहून गेलात, तेच माझ्या मते या प्रकरणाचे खरे दुखणे आहे. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत, मृत्युपत्र नाही, वारस दोघे, म्हणजे बहिणीचा हिस्सा निम्मा. तिने आपल्याशी कोणताही करार केलेला नाही, त्यामुळे तिच्या निम्म्या हिश्श्याचे खरेदीखत करून देण्याचा हुकूम तिच्याविरुद्ध मिळणार नाही. केवळ भावाचा निम्मा हिस्सा घेऊन आपले भागणार नाही, कारण संपत्ती हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ नुसार एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा घेणाऱ्या परक्याला घराच्या सामाईक ताब्याचा हक्क नसतो. पुढे आपण वाटपाचा दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटप अधिनियमाच्या कलम ४ खाली बहीण आपला हिस्सा किंमत देऊन विकत मागू शकते. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे, भाऊ आपला हिस्सा विकत असेल तर तो आधी घेण्याचा अग्रहक्कही तिला आहे. या घराची निम्मी किल्ली पुण्यात आहे आणि आपण आजवर फक्त विश्रामबागेतलेच दार वाजवत आहात. नोटिशीची एक प्रत बहिणीलाही पाठवावी.

चार लाख रोख देण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंडही स्वीकारलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. शिवाय दिलेल्या रोख रकमेची मागे खूण राहत नाही. व्यवहार मिटवण्यासाठी किंमत वाढवायचीच असेल, तर ती नोंदणीकृत पुरवणी करारात लिहून, खरेदीच्या दिवशीच आणि बँकेमार्फत द्यावी.

शेवटी दावा लावण्याची वेळ आलीच तर दोन गोष्टी वकिलांना आवर्जून सांगाव्यात. इसार परत मिळण्याची पर्यायी मागणी दाव्यातच करावी लागते; ती केलेली नसेल तर न्यायालय आपण होऊन पैसे परत देववीत नाही. दुसरे असे की, महाराष्ट्रात नुसता दावा चालू असल्याने त्रयस्थ खरेदीदारावर बंधन येत नाही. प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवावी लागते, आणि ती राहून गेल्यामुळे जिंकलेले दावे निरुपयोगी झालेले मी पाहिले आहेत.

शाहूपुरी, सातारा

मी वकील नाही, परंतु अशाच एका प्रकरणात मी त्या बहिणीच्या जागी होते, म्हणून लिहीत आहे. साताऱ्यातील आमच्या माहेरच्या घराचे साठेखत झाले तेव्हा मला फक्त एवढेच सांगण्यात आले होते की ‘एक सही करायला ये’. हक्कसोडपत्राचा मसुदा माझ्यापुढे ठेवला गेला. त्यात माझा हिस्सा ‘स्वखुशीने व विनामोबदला’ सोडत असल्याचे वाक्य होते, आणि पैशांचे नंतर बघू असे तोंडी सांगण्यात आले. मी सही केली नाही. त्यावरून ‘बहीण आडवी आली’ अशी बोलवा नातेवाइकांत झाली, आणि खरेदीदारांच्या कानीही तेवढेच गेले असणार.

कोंडी फुटली ती खरेदीदार पती-पत्नी स्वतः माझ्या घरी आले तेव्हा. त्यांनी साठेखताची प्रत आणि सूची क्रमांक दोनचा उतारा (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) माझ्या हातात दिला आणि विचारले, ‘ताई, तुमचे म्हणणे काय आहे?’ तोवर मला कोणी काही विचारलेच नव्हते. मी सांगितले की हक्कसोडपत्र मी करणार नाही, भावाबरोबर मीही लिहून देणार म्हणून खरेदीखतावर सही करीन आणि माझ्या हिश्श्याची रक्कम माझ्याच नावाच्या डिमांड ड्राफ्टने घेईन. खरेदीदारांना त्याने काहीच फरक पडत नव्हता. भाऊ चार दिवस घुश्शात राहिला, पण मला देण्याच्या रकमेचा तिढाही त्याच्या डोक्यावरून उतरला. भाऊ भाव वाढवून मागतो तेव्हा तो नेहमी लोभच असतो असे नाही. बहिणीला द्यायचे पैसे आपल्या वाट्यातून न जाता कुठून तरी वरून यावेत, हाही हिशेब असतो. आपण पुण्याला जावे. एजंटाला बरोबर नेऊ नये.

सेवानिवृत्त कर्ज अधिकारी, मिरज

कर्जाच्या बाजूने थोडे लिहितो. मंजुरीची मुदत संपणे ही फारशी घाबरण्याची बाब नाही. मुदत संपण्यापूर्वी विलंबाचे कारण लिहून, नोटिशीची प्रत जोडून नूतनीकरणाचा अर्ज द्यावा. उत्पन्नात फरक नसेल तर बँक साधारणपणे ताजे पगारपत्रक आणि खात्याचे उतारे घेऊन मुदत वाढवते. व्याजदर मात्र नव्या तारखेचा लागू शकतो. मुदतवाढीचे हे पत्र न्यायालयातही आपल्या तयारीचा पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

पतसंस्थेच्या बाबतीत विक्रेत्यांच्या तोंडी आकड्यावर विसंबू नये. थकीत व्याज आणि दंडव्याज धरून अमुक तारखेला कर्ज पूर्ण फेडण्यास किती रक्कम लागेल आणि ती मिळाल्यावर मूळ कागदपत्रे परत केली जातील, असे लेखी पत्र विक्रेत्यांच्या अर्जावर पतसंस्था देते. ती रक्कम विक्रेत्यांच्या हाती न देता खरेदीच्या दिवशी थेट पतसंस्थेच्या नावाच्या ड्राफ्टने द्यावी. गहाणखत नोंदणीकृत असेल तर गहाणमुक्तीचा दस्तही नोंदवून घ्यावा, आणि नगर भूमापन कार्यालयात बोजा कमी केल्याची नोंद मालमत्ता पत्रकावर उमटली की नाही ते स्वतः उतारा काढून पाहावे. बँकेचे वकील हाच उतारा पहिल्यांदा मागतात.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. किंमत पन्नास लाख किंवा अधिक असल्याने एक टक्का करकपात आपणच करून भरायची आहे, आणि ती इसाराच्या रकमेवरही लागते. विकणारे दोघे झाले की प्रत्येकाचा हिस्सा पन्नास लाखांच्या आत येतो, म्हणून कपात नको, असा युक्तिवाद पूर्वी केला जाई. ऑक्टोबर २०२४ पासून सर्वांची मिळून होणारी किंमत धरायची, असा स्पष्ट नियम आहे. आपण खरेदीदार दोघे आणि विकणारे दोघे, म्हणजे चार स्वतंत्र विवरणपत्रे भरावी लागतील.

होऊ घातलेला विश्रामबागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शाहूपुरीच्या ताईंचे वाचून आम्ही पुण्याला जाऊन आलो. बहिणीला किंमत पूर्ण ठाऊक होती, त्यात लपवाछपवी नव्हती. वाद आहे तो पतसंस्थेच्या कर्जाचा. वरचा मजला भावाने स्वतःच्या वापरासाठी चढवला, त्याचे भाडेही इतकी वर्षे त्यानेच घेतले, आणि आता मात्र कर्ज एकूण किमतीतून वजा करून उरलेल्याचे दोन भाग करायचे असे तो म्हणतो, ते तिला मान्य नाही. कर्ज भावाच्या हिश्श्यातून जाणार असे दस्तात लिहिले, तर आपण खरेदीखतावर सही करू, असे तिने आम्हाला सांगितले. भावाला यातले अद्याप काही कळवलेले नाही. नोटीस तयार आहे. ती आधी द्यावी, की आधी बोलावे?

दिवाणी बाजू

नोटीस आधी द्यावी, पण तिचा सूर बदलावा. बहिणीचा प्रस्ताव नोटिशीतच आकड्यांसह मांडावा. बासष्ट लाखांचे निम्मे एकतीस लाख बहिणीचे. भावाच्या एकतीस लाखांपैकी आठ लाख त्याला मिळालेले आहेत, पतसंस्थेचे सहा लाख थेट तिकडे जातील, आणि उरलेले सतरा लाख त्याच्या हाती पडतील. दोघांच्याही रकमेतून करकपात वजा. पतसंस्थेच्या पत्रात आकडा वेगळा आला तर फरक भावाच्या वाट्यात पडेल, हेही लिहावे. दोघांमधला कर्जाचा वाद सोडवण्याची जबाबदारी आपली नाही आणि त्यात पंच म्हणून बसू नये. दस्तावर दोघांच्या सह्या येतील एवढेच आपण पाहावे.

भाऊ तयार झाला तर थेट खरेदीखताची वाट न पाहता आधी पुरवणी करार नोंदवावा, त्यात बहिणीला लिहून देणार म्हणून घ्यावे आणि नवी तारीख घालावी. आज तिने दिलेला शब्द केवळ तोंडी आहे, आणि भावंडे एकमेकांशी बोलली की शब्द बदलतात. बहिणीला सांगलीला येणे जमणार नसेल तर मुखत्यारपत्र चालेल, परंतु दस्त नोंदणीसाठी सादर करायचे मुखत्यारपत्र ती राहते तेथील दुय्यम निबंधकांपुढे केलेले असावे लागते. नोटरीपुढचे चालत नाही. मुखत्यार म्हणून भावाचे नाव घालू नये, हे सांगण्याची गरज नसावी.

भाऊ अडूनच राहिला तर दावा लावण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व तडजोडीचा अर्ज देता येतो. तेथे लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील होत नाही. तेथेही तो आला नाही तर दाव्यात त्याला प्रतिवादी करावे आणि बहिणीलाही प्रतिवादी म्हणून सामील करावे. आपल्या हिश्श्याचे खरेदीखत करून देण्यास हरकत नाही, असे लेखी म्हणणे तिने दाखल केले तर भावाला बहिणीची सबब पुढे करता येणार नाही. या सगळ्यात साठेखताची मूळ प्रत मात्र कोणाच्याही हाती देऊ नये. एजंटाने ‘मसुद्यासाठी हवी आहे’ म्हणून मागितली तरी झेरॉक्सच द्यावी.